शिवणीतली माया

आमच्या कारखान्यात तिला सगळे उसवणी म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या पुस्तकात पडून आहे; मालकांना विचारलं तर त्यांनाही ते चटकन सांगता यायचं नाही. शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना आमचा. एका लांबलचक खोलीत मशिनांच्या दोन रांगा, खिडकीपाशी मी आणि माझं कापायचं टेबल, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात स्टुलावर ती. कुणाची बाही उलटी लागली, कॉलर वाकडी गेली, खिसा पोटाऐवजी काखेत बसला, की तो कपडा तिच्या मांडीवर येऊन पडतो. ब्लेडच्या टोकाने ती एक टाका उचलते, थोडा पुढे दुसरा उचलते, आणि दोऱ्याचं टोक धरून असं ओढते की सगळी शिवण मुकाट्याने मोकळी होते. कापडाला भोक नाही, ओरखडा नाही. जणू कुणी काही शिवलंच नव्हतं.

मी कापते. मला कात्री म्हणतात, आणि ते काही फक्त हातातल्या कात्रीमुळे म्हणत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी बोलते ते लागतं. पण निदान पाठीमागे बोलत नाही.

मालकांचंही एक नाव आहे आमच्याकडे, अर्थात त्यांच्या माघारी: पाऊण इंच. याचं कारण सांगायचं तर आधी माया म्हणजे काय ते सांगायला हवं. शिवणीच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं, की आई कपडा घेऊन येते, आपण शिवण उसवायची, आतली माया सोडायची, आणि बाहेरून नवी शिवण घालायची. कपडा आणखी वर्षभर चालतो. हे नाव ज्याने कुणी ठेवलं तो शिंपी मोठा शहाणा असणार. तर मालक रोज सकाळी माझ्या टेबलाशी येणार, खडूच्या रेघेवर बोट ठेवणार आणि म्हणणार, "एवढी कशाला? पाऊण इंच पुरे." मग मी म्हणणार, "मालक, तुमच्या पोटाला दर वर्षी किती माया लागते ते बघा आधी." मग मशिनांवरच्या बाया दोऱ्याचं रीळ शोधायच्या निमित्ताने खाली वाकून हसणार. हे असं चालायचं. रेघ तेवढी मी हलू देत नसे.

उसवणीचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा ती आमच्याकडे कामाला लागली. दोन मुलं होती तिला, मुलगी आणि मुलगा. ती दोघं नवऱ्याकडे राहिली. राहिली म्हणजे ठेवून घेतली. तिच्याजवळ तेव्हा स्वतःला राहायला धड खोली नव्हती, आणि तिकडे आजी होती, घर होतं, शाळा जवळ होती. पुढे त्याने दुसरी बायको केली. मुलं लहान होती, तिलाच आई म्हणायला लागली. हिला सुट्टीत भेटायची तेव्हा काहीच म्हणायची नाहीत. हाक मारायची वेळ आली की नुसती जवळ येऊन उभी राहायची. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, आणि सांगताना ती हातातली बाही उसवतच होती. मला इतका राग आला होता. पण कुणाचा करायचा? पोरांचा? त्यांचं काय चुकलं होतं?

मग काचवाला आला. आमच्या खिडकीची काच फुटली होती, ती बसवायला. बुटका, जाड भिंगाचा चष्मा, पेन्सिल कानावर. त्याने खिडकी एकदा मोजली, दोनदा मोजली, काच घेऊन आला, आणि कापायच्या आधी परत एकदा मोजली. मी म्हटलं, "काय हो, खिडकी पळून जाते की काय?" तर म्हणाला, "ताई, तुमचं कापड चुकलं तर जोड देता येतो. काच एकदा कापली की कापली." हे बोलताना तो बघत मात्र होता दाराजवळच्या स्टुलाकडे. त्यानंतर काचेला लावलेली पुट्टी सुकते आहे की नाही ते बघायला तो फारच वेळा यायला लागला. शेवटी मीच दोघांना म्हटलं, आता पुट्टी सुकली, पुढचं बोला.

त्याचं हे पहिलंच लग्न. तिने त्याला लग्नाआधी सगळं सांगितलं होतं: दोन मुलं आहेत, माझ्याकडे नाहीत, आणि दुसऱ्या बाळंतपणात मी बांधून घेतलंय, आता मूल व्हायचं नाही. तो म्हणाला होता, "मी कुठे काही मागितलं?" खरंच त्याने कधी मागितलं नाही. मागायला लागली ती ही. आधी स्वतःशी, मग माझ्याशी.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्यात बसतो. तिथे ती मला म्हणाली, "अगं, ते परत सुरू करता येतं म्हणे. ऑपरेशन करून."

"कोण म्हणे?"

"आहे एक डॉक्टर. यांच्या गिऱ्हाइकाच्या बहिणीचं केलं तिने. तिला मुलगा झाला."

"आणि ज्यांचं केलं नि झालं नाही, त्यांची नावं कुणी सांगितली का?"

"तू ना! नुसती कात्री." ती हसली. आणि मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "मला एकच हवंय. माझ्याकडे बघून आई म्हणेल असं. त्याला दुसरीकडे कुठे हाक मारायला जागाच नसेल असं."

माझी स्वतःची तीन आहेत, दिवसातून शंभरदा आई आई करून माझं डोकं उठवतात.

आणि तिची खात्री! मी एवढी खात्री कधी कुणाची बघितली नाही. "बांधलंय ना," ती म्हणायची, "कापलं थोडंच आहे? बांधलेलं सोडवता येतं." दुसऱ्या मुलाच्या वेळी तिचं पोट उघडून बाळ काढलं होतं. टेबलावर असतानाच नर्सने विचारलं, बांधून टाकायचं ना? बाहेर सासू आणि नवरा आधीच हो म्हणून बसले होते. बाळ रडत होतं, तिला ते बघायचं होतं, ती म्हणाली, बांधा. सगळेच तसं म्हणतात, नळ्या बांधल्या. गाठोडं बांधतात, बुटाची नाडी बांधतात, तसंच काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि ते तसंच राहून गेलं. जिचं अख्खं आयुष्य गाठी सोडवण्यात गेलं, तिला आणखी एका गाठीचं काय भय वाटणार? मला वाटतं, दुसरी कुणी बाई असती तर तिने निदान घाबरून दोनदा विचारलं असतं.

डॉक्टरबाईंकडे मी तिच्याबरोबर गेले. चांगल्या होत्या हो बाई. समजावून सांगत होत्या, घाई नाही, वैताग नाही. म्हणाल्या, "बांधलं असं सगळेच म्हणतात, पण त्याच्या तऱ्हा असतात. कुणी नळीवर रिंग बसवतं, कुणी क्लिप लावतं. कुणी मधला तुकडा काढून टाकतं. कुणी टोकाचा भागच काढतं. तुमचं कसं केलंय?"

"बांधलंय," उसवणी म्हणाली.

"हो, पण कसं?"

"बांधलंय," ती परत म्हणाली, जरा मोठ्याने, समोरच्याला ऐकू कमी येत असावं तशी.

पहिल्या दवाखान्यातले तिचे कागद कधीच रद्दीत गेले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आधी दुर्बिणीने बघू. नळीचे दोन्ही तुकडे चांगले असले, पुरेसे लांब असले, तर त्याच वेळी जोडून टाकू. तेही जोडलं म्हणजे मूल राहीलच असं नाही, तुमचं वयही आता चाळिशीला आलंय. आणि जोडण्यासारखं काही नसलंच, तर काही न करता बंद करू. नीट ऐकलंत ना?"

तिने मान हलवली. जिना उतरताना माझा दंड धरून म्हणाली, "जोडू म्हणाल्या!"

"असलं तर जोडू म्हणाल्या."

"प्रत्येक कपड्यात खोट काढायची सवयच तुला."

तिचा चेहरा असा फुलला होता की त्यावर पाणी ओतायला माझा हात धजेना.

ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ती कारखान्यात गुणगुणत होती. बाकीच्यांना सांगितलं होतं, पोटात दुखतंय, अपेंडिक्स असेल. बाया तिला आपापल्या अपेंडिक्सच्या गोष्टी सांगत, आणि ती गंभीर चेहऱ्याने ऐकून घेऊन माझ्याकडे बघून डोळा मारी. काचवाला मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. एकदा कारखान्याखाली भेटला तेव्हा मी विचारलं, "काय हो, तुम्हाला नको आहे का?"

"हवंय," तो म्हणाला. चष्मा काढून पुसायला लागला. "म्हणजे आधी नव्हतं. आता ती रोज बोलते ना, तर मलाही दिसायला लागलंय." आणि मग: "मला भीती कशाची वाटते सांगू? ती हरली तर मी काय करू?"

दवाखान्यात तिला आत नेलं तेव्हा तिने केसांवरची टोपी नीट करत मला विचारलं, "आत गाठ सोडवतात तेव्हा जुना दोरा असतो का गं अजून?" मी म्हटलं, असेल की. मला काय माहीत?

आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, ते दोघांनीही बघायचं टाळलं. काचवाला खिडकीच्या तावदानांवर बोट फिरवत होता. "पुट्टी वाईट भरलीये," एवढंच म्हणाला.

डॉक्टरबाई लवकर बाहेर आल्या. फार लवकर. कपडा दुरुस्तीला घेतला आणि लगेच परत दिला, तर शिंप्याचं तोंड बघूनच कळतं. तसं मला कळलं.

"नाही जमलं," त्या म्हणाल्या. "खूपच काढलंय त्या वेळी. उजव्या बाजूला एवढी उरलीये." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "डाव्या बाजूला टोकच ठेवलेलं नाही. जोडणार कशाला काय? जरा मोठं उघडूनही बघितलं, पण नाही. ज्यांनी केलं त्यांनी कायमचं म्हणूनच केलं, पुढचा विचार केलेला दिसत नाही." मग टेस्ट ट्यूबचं थोडं बोलल्या, मोठ्या शहरात जायला लागेल, परत परत जायला लागेल, आणि या वयात फार थोड्या जणींना यश येतं, मी उगाच आशा लावत नाही, असं सगळं. काचवाला ऐकत होता की नाही कोण जाणे. "तेवढं आमच्याने नाही व्हायचं," म्हणाला. डॉक्टरबाई गेल्यावर माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा तिला. माझी जीभच उचलणार नाही."

मनात आलं, बायको तुमची, आणि सांगू मी? पण त्याचे हात बघितले. रोज काच धरणारे हात, त्यांना स्वतःचा चष्मा नाकावर बसवता येईना. मग कसलं भांडण करता?

ती शुद्धीवर येत होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. तिचा हात चादरीखाली पोटावर गेला. बेंबीजवळ चाचपला, मग खाली. पट्टीवर बोटं थांबली. पट्टीखाली काय आहे ते तिच्या बोटांना लगेच कळलं, आणि ती हसली.

"टाके आहेत," म्हणाली.

"हो."

"म्हणजे जोडलं."

मला कुणी कानाखाली मारली असती तरी चाललं असतं. टाके आहेत म्हणजे जोडलं! आमच्या धंद्यात दुसरं असतं काय? टाके काय कुणी हौस म्हणून घालतं?

"नाही गं," मी म्हटलं. "उघडलं होतं ना, ते बंद करायला घातलेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. काही उमगलेलं दिसेना. "मग गाठ? नाही सुटली?"

आता डॉक्टरबाईंचे शब्द मला आठवेनात. नळी, तुकडा, टोक, सगळं डोक्यातून गेलं. मला आमचा तेवढा एक शब्द आठवला.

"गाठ नव्हतीच," मी म्हटलं. "कापलं होतं. आणि आत माया नाहीये गं."

ते तिला कळलं. बोलल्या क्षणी कळलं. तिच्या कपाळावर दिसलं मला. तिने विचारलं, "किती आहे?"

मी करंगळी पुढे केली आणि नख दाखवलं. कारखान्यात बघते तसं तिने ते नीट बघितलं.

"आणि दुसऱ्या बाजूला?"

मी मान हलवली.

"मला वाटलं, बांधलंय," ती म्हणाली. परत एकदा म्हणाली. मग डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात जायला लागलं. मी ते पदराने, रुमालाने, हाताला लागेल त्याने टिपत बसले. एवढंच करण्यासारखं होतं, तेही थांबत नव्हतं.

काचवाला आत आला आणि पायथ्याशी उभा राहिला. चादर सरळच होती, तरी ती सरळ करायला लागला. तिने डोळे उघडले. "अहो, आज उगाच तुमच्या कामाची खोटी झाली," म्हणाली.

"छे गं," तो म्हणाला, "आज माल आलाच नव्हता." सकाळी त्याच्या दुकानापुढे काचांची पेटी उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

टाके काढायला गेली तेव्हाही मीच बरोबर होते. ती मान उचलून नर्सच्या हाताकडे बघत होती. नर्स हसून म्हणाली, "एवढं काय बघताय? शिवणकाम करता वाटतं?"

"नाही. उसवते," ती म्हणाली.

मग ती कामावर परतली. बायांनी विचारलं, काढलं का अपेंडिक्स? ती म्हणाली, हो, काढलं. तिचं गुणगुणणं बंद झालं होतं, पण हात तसाच चालायचा. जिन्यात बसून डबा खायची, माझ्या पोरांची चौकशी करायची. मी त्यांच्याबद्दल तक्रार करायचं सोडून दिलं, ते तिच्या लक्षात आलं असणार, कारण एकदा स्वतःहून म्हणाली, "बोल गं, काय केलं धाकट्याने? मला ऐकायला आवडतं." मग मी सांगितलं, एकूण एक.

शाळा उघडायच्या आधी आमच्याकडे बाहेरचेही कपडे येतात, लांबी वाढवायला, कंबर सैल करायला. तशीच एक बाई आली, हाताशी मुलगी. मुलीच्या अंगात गेल्या वर्षीचा गणवेशाचा फ्रॉक, बाजारातून तयार घेतलेला. पाठीवर ताणून बसला होता, बिचारीला श्वास घ्यायला चोरी.

"जरा दोन्ही बाजूंनी सोडून द्या," बाई म्हणाली. "कापड अजून चांगलं आहे हो."

मुलीला दुसरं काहीतरी अडकवलं आणि फ्रॉक उसवणीच्या मांडीवर आला. तिने ब्लेड घेतलं, एक टाका उचलला, थोडा पुढे दुसरा, दोरा ओढला. शिवण मोकळी झाली. तिने आतली बाजू उलटून उजेडात धरली.

आत काही नव्हतं. शिवणीला लागूनच कापड संपत होतं, कडेला नुसते ओव्हरलॉकचे दोरे. तिने दुसरी बाजू उसवली. तिथेही तेच. एवढं बघायला तिला एरवी क्षणही लागत नाही. पण ती बघतच राहिली. मी माझं कापणं थांबवलं.

"काय झालं?" बाईने विचारलं. "होईल ना?"

"माया ठेवायला काय झालं होतं गं त्यांना?" उसवणी म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजात तिला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतली दोन मशिनं थांबली. "जरा ठेवली असती. जराशी. त्यांचं काय जाणार होतं?"

"हो ना, मेले कापड वाचवतात," ती बाई म्हणाली. "पण तयार माल हा. कुणी कापला, कुठे कापला, आता कुणाला विचारणार?"

"कुणाला विचारणार," उसवणी म्हणाली.

मला उठून तिच्यापाशी जायचं होतं. पण जाऊन करणार काय होते? तिने सुईत दोरा ओवला आणि उसवलेली शिवण होती तशी परत घालायला घेतली, जुन्या भोकांतूनच, टाक्यावर टाका. मुलगी जवळ सरकली आणि तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"काकू," ती म्हणाली, "मोठा होणारच नाहीये, तर मग टाके कशाला घालताय?"

"उघडलं होतं ना बाळा," उसवणी म्हणाली, "ते बंद करायला."